'श्वासवायू', 'प्राणवायू' की नुसता 'गॅस'?

डोहकाठ
खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठीच्या एका सुरक्षा-पुस्तिकेचं भाषांतर करतोय. हौशी स्कूबा नव्हे, तांत्रिक डायव्हिंग. ४० मीटरच्या खाली, अंगावर तीनचार सिलिंडर घेऊन करतात ते. माणूस श्वासावाटे जे काही घेतो, मग ती साधी हवा असो, नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन घातलेली हवा) असो की ट्रायमिक्स (हेलियम घातलेलं मिश्रण), त्या सगळ्याला मी 'श्वासवायू' लिहिलं होतं. संपादकांनी सरसकट 'प्राणवायू' केलं. म्हणे २०२१ नंतर हा शब्द घराघरांत पोचलाय, 'श्वासवायू' कोणाला कळणार? आता एक वाक्य असं झालंय: 'तळाशी असताना पाठीवरच्या प्राणवायूवरच राहा.' हे कोणी शब्दशः पाळलं तर मरेल. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घ्यायचा नाही, असं त्याच पुस्तिकेत पुढच्या पानावर आहे. संपादकांच्या गळी उतरेल असा शब्द सुचवा.

जुनीवही
संपादकांना दोष देऊन उपयोग नाही. धरणात कोणी बुडालं की पेपरात ओळ ठरलेली: 'ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे उतरले'. त्या सिलिंडरात दाबून भरलेली साधी हवा असते. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत मुलं अडकली तेव्हाही हाच घोळ. समान कुनान हा माजी नौसैनिक गेला तो हवेचे सिलिंडर वाटेत ठेवून परतताना, आणि बातम्यांत मात्र 'ऑक्सिजन टाक्या'. त्यात मुलांना बाहेर काढताना मुखवट्यातून खरोखरच भरपूर ऑक्सिजनचं मिश्रण दिलं होतं, पाणी उथळ होतं म्हणून चाललं. मग तर कोणाचंच कोणाला कळेना.

मार्तंड
मुळात 'प्राणवायू' म्हणजे ऑक्सिजन हे समीकरणच अलीकडचे. आयुर्वेदात प्राण, अपान, व्यान, उदान, समान असे पाच वायू आहेत. त्या अर्थाने नाकातोंडावाटे आत जाते ते सगळेच प्राणाचे क्षेत्र. संपादक चुकलेले नाहीत, शब्द पळवला तो रसायनवाल्यांनी. आणि 'ऑक्सिजन' तरी कुठे बरोबर आहे? ग्रीकप्रमाणे त्याचा अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. हे नाव देणाऱ्या लाव्हाझिएला वाटले, प्रत्येक आम्लात तो असतोच. हायड्रोक्लोरिक आम्लात तो औषधालाही नाही.

अबूधाबीचा उंट
मार्तंडकाका, व्युत्पत्ती होडीवरच ठेवून उतरावं लागतं. मी ट्रायमिक्स शिकलोय म्हणून सांगतो. ६० मीटरला जायचं तर पाठीवर १८/४५, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, उरलेला नायट्रोजन. एका बगलेत ५० टक्क्यांचा नायट्रॉक्स, तो वर येताना २१ मीटरला. शिवाय ऑक्सिजन, तो थेट ६ मीटरला. तिन्ही तोंडात धरले की सारखेच लागतात, ना वास ना चव. ६० मीटरवर चुकून ऑक्सिजन तोंडात आला तर त्याचा दाब ७ बार (१ बार म्हणजे साधारण पाण्याबाहेरच्या हवेचा दाब). १.६ ही वरची मर्यादा. फिट येते, तोंडातलं सुटतं, आणि माणूस बुडून मरतो.

म्हणून प्रत्येक सिलिंडरवर चिकटपट्टी असते. जाड मार्करने टक्केवारी, जास्तीत जास्त खोली, तपासल्याची तारीख, तपासणाऱ्याची सही. गॅस बदलताना जोडीदार खोलीचा आकडा वाचतो, तुमची नळी सिलिंडरपासून तोंडापर्यंत नजरेनं तपासतो, हातानं खूण करतो, मगच बदलायचं. भरणाऱ्यानं काय सांगितलं याला किंमत नाही, मीटर लावून स्वतः बघायचं. या पट्टीवर काय लिहू, 'प्राण'?

खारवी
आमच्याकडे टाकीच म्हणतात. तारकर्लीला पर्यटकांना नेतो आम्ही, खोली ती केवढी. 'टाकीत हवा किती?' एवढाच प्रश्न. 'गॅस' म्हटलं की आई विचारते, "खयचो? भारतचो काय इंडेनचो?"

बोरूबहाद्दर
मराठीत गॅस संपतो, गॅस होतात आणि निकालाच्या आदल्या रात्री माणूस गॅसवर असतो. चौथा अर्थ बसायला जागा नाही. माझा प्रस्ताव: ऑक्सिजन हवेपेक्षा कमी असेल ते मिश्रण 'अल्पप्राण', जास्त असेल ते 'महाप्राण'.

मार्तंड
अल्पप्राण म्हणजे क, ग, च, ज. व्याकरणाची अशी थट्टा करू नये.

अबूधाबीचा उंट
थट्टेत का होईना, शब्द नेमका आहे. १०/७० मध्ये ऑक्सिजन १० टक्केच. १०० मीटरवर तो अगदी योग्य, कारण तिथे दाब ११ पट. पण तोच होडीवर उभं राहून घेतलात तर थोड्याच वेळात शुद्ध जाते. आणि कळत नाही. जीव घुसमटतो तो कार्बन डायऑक्साइड साचल्यावर, नुसता ऑक्सिजन कमी पडला तर घुसमटत नाही. म्हणून वरच्या टप्प्यात वेगळं मिश्रण घेऊन उतरायचं, प्रवासाचा गॅस.

बोरूबहाद्दर
'प्रवासाचा गॅस'. एस्टीत खिडकीसाठी भांडणं का होतात ते आज कळलं.

शेवंती
मला वेगळीच उत्सुकता. खोलवर नायट्रोजन चढतो, त्याला काय लिहिलंत? ३० मीटरच्या पुढे हवेवर माणूस हसत सुटतो, घड्याळ बघतो आणि आकडा विसरतो, असं ऐकलंय.

डोहकाठ
'नत्रगुंगी'. ती मात्र संपादकांनी ठेवली.

खारवी
गुंगीत माणूस निजतो. इथे तो जागा असतो, आपलं सगळं बरोबर चाललंय अशी त्याची खात्री असते, आणि वाट चुकतो. आमच्याकडे याला चकवा लागला म्हणतात. 'नायट्रोजनचा चकवा' लिहा.

शेवंती
व्वा! शंभर गुण. आणि वर आलं की चकवा उतरतो, तसं याचंही ना?

अबूधाबीचा उंट
हो, थोडं वर आलं की डोकं जाग्यावर. हेलियम घालायचं ते याचसाठी, त्याची नशा होत नाही. शिवाय ६० मीटरवर हवा सातपट दाट होते, ओढताना दमछाक होते. हेलियम हलका, श्वास सोपा. तोटा म्हणजे महाग, आणि बोललात तर कार्टून.

मार्तंड
'चकवा' हा अंधश्रद्धेतून आलेला शब्द तांत्रिक पुस्तिकेत नको. तिथे परिभाषा हवी. तसेच 'व्हॉल्व्ह'ला 'झडप' लिहिले आहे ना? तो रुळलेला शब्द आहे.

खारवी
झडप घार घालते. टाकीचा कॉक असतो. मागे एक इंजिनाचं काम करणारा भला माणूस ऑक्सिजनच्या टाकीचा घट्ट बसलेला कॉक सैल करायला ग्रीसचं बोट घेऊन आला होता. आमच्या साहेबानं त्याचा हात हवेतच धरला.

अबूधाबीचा उंट
बरं झालं धरला. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीस किंवा तेल लागलं की पेटायला ठिणगीची वाट बघावी लागत नाही. त्याच्या व्हॉल्व्हला नि रेग्युलेटरला खास धुवून घेतात, वंगणही वेगळं. आणि कॉक म्हणा की झडप, सावकाश उघडायची. फाडकन उघडली तर २०० बारचा वायू पुढच्या अरुंद जागेत कोंबला जाऊन एकदम तापतो. डोहकाठ, त्या पानावर 'हळू' हा शब्द ठळक छापा, बाकी शब्दांचं काहीही होऊ दे.

डोहकाठ
छापतो. पण 'श्वासवायू'चं काय?

मार्तंड
'श्वसनमिश्रण' घ्या. आणि हेलियमला 'सौरवायू'. हेलिओस म्हणजे सूर्य. त्याचा शोधही आपल्या विजयदुर्गावर लागलेला आहे, किमान मराठीने तरी त्याला परके नाव देऊ नये.

जुनीवही
इथे थांबा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रासला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये. त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा पाहिली. लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याआधीच, १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींनी हेलियम पृथ्वीवर सापडवला होता.

मार्तंड
मग दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन कशाचा साजरा होतो?

जुनीवही
प्रेमाचा.

खारवी
आमच्या किल्ल्याबद्दल कोणी वाईट बोलायचं नाही. साहेबाचे, म्हणजे त्या लॉकयरचे, ओटे आहेत तिथे, जाऊन बघा.

शेवंती
'साहेबाचा कट्टा' ना? आम्ही सहलीला गेलो तेव्हा कट्टाच सांगितलं होतं.

खारवी
ओटे. अनेकवचन.

मार्तंड
ओटा घराला लागून असतो, कट्टा मोकळ्यावर. किल्ल्यावर ओटा कसा असेल? याचा स्वतंत्र धागा काढतो.