मुलांसोबत किडे-मुंग्या बघताना… तुमचे अनुभव लिहा

काल लेक (साडेतीन वर्षं) पालथा पडून भिंतीकडेची मुंग्यांची रांग बघत होता आणि मला एकदम आजोबा आठवले. ते रांगेवरून ओलं बोट फिरवायचे. मुंग्या तिथवर येऊन गोंधळायच्या, भिरभिरायच्या, मग हळूहळू वाट परत जुळायची. मुंग्या वासाच्या वाटेने चालतात हे मला तिथेच कळलं, पुस्तकात फार नंतर आलं. काल लेकासोबत तेच केलं. नंतर साखरेचे पाच दाणे ठेवून कुठला आधी उचलतात ते मोजत बसलो. तुम्ही घरी काय काय करता?

पाऊलवाट
क्लेचे तीन गोळे, डोकं-छाती-पोट, आणि सहा काड्या. लेक पाय पोटाला लावायची. मी काही बोलले नाही, भिंग दिलं. खरी मुंगी बघून तिनेच काढून छातीला लावले! आता कोळी दिसला की आल्यागेल्याला सांगते, आठ पाय, हा कीटक नाही.

चष्मेवाली
भिंग कुठलं घेतलंत? काचेचं की प्लास्टिकचं?

पाऊलवाट
प्लास्टिकचं, मोठ्या दांड्याचं. उन्हात मात्र एकटं देऊ नका.

हिरवी_कुंडी
लिंबाच्या कुंडीत पानावर पक्ष्याची शीट पडलीय म्हणून झटकणार तेवढ्यात ती चालायला लागली 😀 अळी होती. बरणीत ठेवली, तोंडाला जाळीचं फडकं, रोज लिंबाचीच ताजी पानं (भलतीसलती पानं खात नाही). मग ती हिरवी झाली, मग कोष. मुलगा रोज एक चित्र काढायचा. अकराव्या दिवशी फुलपाखरू आलं, पंख चुरगळलेले, ओले. वाळेपर्यंत हात लावायचा नाही म्हटल्यावर हात पाठीमागे बांधून उभा होता बिचारा.
दुसऱ्या कोषातून मात्र फुलपाखरू आलंच नाही. बारीक भोक पडलं आणि इवल्या इवल्या माश्या निघाल्या. त्यांच्या आईने कोषात अंडी घातली होती. मुलगा रडला. मी खरं तेच सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मग त्या माश्यांचा पण वाढदिवस झाला ना?"

चष्मेवाली
अगं बाई. डोळ्यांत पाणी.

दोन_पोरांचा_बाबा
रात्री पांढरी चादर टांगून मागे दिवा लावा. पतंग येतात, मोठे-छोटे वेगळे करत मोजायचे. फक्त झोपायची वेळ हमखास टळते.
आणि खिसे तपासा!! धुण्यात गोगलगाय निघाली आमच्याकडे.

सावकाश
केसाळ सुरवंटाला हात लावू देऊ नका कृपया. पुतण्याच्या हातभर खाज उठली होती.
मला स्वतःला झुरळाची फार भीती. मुलीत उतरू नये म्हणून श्वास रोखून शेजारी बसते.

हिरवी_कुंडी
@सावकाश, बसतेस हेच मोठं आहे गं. आधी वाणीपासून (तो खूप पायांचा लांबट किडा) सुरुवात कर. संथ असते, हलकेच हात लावला की गोल गुंडाळून बसते.

दोन_पोरांचा_बाबा
गोगलगाय सुखरूप होती हे सांगायचं राहिलं. मशीन सुरू झालं नव्हतं.

पाऊलवाट
हुश्श!

(धागाकर्ती)
@हिरवी_कुंडी, वाचून गॅलरीत गेले. आमच्याही लिंबावर एक "शीट" आहे. बरणी शोधतेय.