मदत हवी आहे: मांद्रे येथे उतार, माड आणि विहीर राखून अपार्टमेंट कसं बांधावं?

मंडळी, नमस्कार.

गोव्यात मांद्र्याला आमची वडिलोपार्जित 2,600 चौरस मीटर जागा आहे. भरतीरेषेपासून साडेपाचशे मीटर आत, म्हणजे सीआरझेडच्या (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याच्या) बाहेर. बाबा, काका आणि आत्या मिळून तिथे 12 फ्लॅट बांधायचं ठरलंय. माझा त्याला विरोध नाही, घर पडायला आलंय आणि वाटेही करायचे आहेत. पण बिल्डरचा पहिला नकाशा बघितल्यापासून जिवाला घोर लागलाय.

वरचा अर्धा भाग सड्याचा, म्हणजे कातळपठाराचा उतार, सगळा चिरा (जांभा दगड). खालचा वाळूचा, त्यात 31 माड आणि पणजोबांनी खोदलेली विहीर. सड्यावरचं पाणी याच उतारातून मुरत येतं, म्हणून मे महिन्यातही विहिरीचं पाणी गोडं असतं. नकाशात मात्र उतार कापून, खाली भराव घालून सगळं सपाट केलंय, शिवाय गाड्यांसाठी तळघर. माड किती जाणार, ते कुठेच लिहिलेलं नाही.

इमारत उताराबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवता येईल का? चिऱ्याच्या भिंती गिलावा न करता ठेवल्या तर खाऱ्या हवेत टिकतील? आणि रात्रीचे दिवे कसे असावेत? आमच्या आणि मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, उजेडाने पिल्लं वाट चुकतात.

प्रतिसाद

ताई, आधी तळघर रद्द करा. वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. त्याची पातळी 1 मीटर उतरली की खालचं खारं पाणी हिशेबाने 40 मीटर वर सरकतं. तळघर खोदताना पंप लावून पाणी उपसलं तर विहीर खारी होण्याचा धोका आहे. शिवाय गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ प्रमाणे डोंगरउतार कापायला किंवा सखल जागेत भराव घालायला आधी परवानगी लागते, ती घेतली आहे का ते विचारा.

पायऱ्यांनी जरूर उतरवता येईल. एका मोठ्या इमारतीऐवजी चार-चार फ्लॅटच्या तीन लहान इमारती उताराला आडव्या बसवा, गाड्या वरच्या रस्त्यालगत ठेवा, माडांचा भाग मोकळा सोडा. चांगला कठीण चिरा उघडा टिकतो, पण कौलांचं छप्पर भिंतीबाहेर मीटरभर तरी यायला हवं, कारण पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो. खरी काळजी काँक्रीटमधली सळई गंजण्याची. आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे किनारी हवेला एम30 प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण धरा. दिवे बुटके, पिवळसर-तांबूस आणि जमिनीकडे वळवलेले हवेत, समुद्राच्या बाजूला तर नकोच.

पुढचा नकाशा काढण्याआधी जमिनीच्या चढउताराची मोजणी करून घ्या, आणि प्रत्येक माड त्यात दाखवायला सांगा.