अनुभव धागा : आमचे भाई आणि त्यांची फियाट

गेल्या महिन्यात आमचे मामा गेले. नात्याने ते माझे मामा असले, तरी गोव्यातल्या पर्वरीचा आमचा सगळा वाडा त्यांना भाईच म्हणत असे. १९७८ साली घेतलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी त्यांनी अखेरपर्यंत स्वतःच्या हाताने चालती ठेवली. गाडीवर नाव प्रीमियरचे असूनही त्यांच्या तोंडी, आणि म्हणून आमच्याही तोंडी, ती फियाटच राहिली. गाड्यांचा नाद असलेली माणसे पुष्कळ असतात. पण गाडी घरच्यांसाठी आणि वाड्यासाठी असते, झाकून ठेवण्यासाठी नसते, हे भाईंइतके मनापासून मानणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. त्या गाडीत बसलेल्या सर्वांनी आपली आठवण येथे लिहावी, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

धाकट्या मावशीच्या लग्नासाठी आम्ही भर मे महिन्यात बेळगावला निघालो होतो. मोले सोडून अनमोड घाट चढू लागलो आणि अर्ध्या वाटेवर गाडी बंद पडली. आम्हा मुलांचे चेहरे उतरले. भाई मात्र शांतपणे उतरले, मामीच्या पिशवीतला पंचा भिजवला आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर गुंडाळला. इंजिनाच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ झाली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही, हे त्यांनी आम्हाला सावलीत बसवून, डबा उघडून, जेवताना समजावले. जेवण होईपर्यंत पंप निवला होता. त्या दिवसापासून पाण्याची एक बाटली आणि तो पंचा डिकीतून कधी हलला नाही.

शेजारीण :
५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा मला सातवा महिना लागला होता. नवा पूल १९९२ मध्ये झाला. त्या पावसाळ्यात पणजी गाठायची तर बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हते. सप्टेंबरात एका पहाटे, धो धो पावसात, मला कळा सुरू झाल्या. भाई लुंगीवरच बाहेर आले आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. धक्क्यावर रांग होती. भाईंनी पावसात उतरून प्रत्येक गाडीच्या खिडकीशी जाऊन हात जोडले आणि सर्वांनी आम्हाला पुढे सोडले. मुलगी इस्पितळात सुखरूप झाली. पावसाळी हवेत डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे इंजिनात ठिणगीसाठी वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपणात ओल धरली की गाडी सुरू होत नाही, म्हणून गणपती विसर्जनानंतर रोज रात्री ते टोपण उघडून कोरड्या फडक्याने पुसत होते आणि गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवत होते, हे वहिनींनी मला बारशाच्या दिवशी सांगितले. भाई स्वतः त्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत.

मुलाचा वर्गमित्र :
मी गाडी शिकलो ती त्यांच्याकडे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आज कोणाला दाखवावा लागतो, याचे वाईट वाटते.

म्हापशाचा गॅरेजवाला :
मी पंधरा वर्षांचा असताना एका गॅरेजात हाताखाली काम करत होतो. भाईंच्या गाडीचे ऑइल बदलताना मी खालचा नट वाकडा धरून पान्याने आवळला आणि आटे गेले. मिस्त्री हात उगारून आले, तेव्हा भाई मध्ये उभे राहिले. शर्टाच्या बाह्या दुमडून ते माझ्या शेजारी गोणपाटावर आडवे झाले, माझी बोटे धरली आणि नवा नट तीन फेरे नुसत्या बोटांनी बसवायला लावला. “अडला तर सोड, उलटा फिरव, पुन्हा लाव. पाना शेवटी,” एवढेच ते म्हणाले. आज माझे स्वतःचे गॅरेज आहे. नव्या मुलाच्या हाती मी पहिले दोन दिवस पाना देत नाही.

भाईंची मुलगी :
आपण सर्वांनी लिहिलेले मी आईला वाचून दाखवले. अनमोडचा पंचा तिने तीन वेळा वाचायला लावला.

गाडीचे पुढे काय, असे अनेकांनी विचारले आहे. २०२८ मध्ये तिला ५० वर्षे पूर्ण होतील. तेव्हा व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी, असे काही जण आपुलकीने सुचवतात. परंतु २०२१च्या नियमांनुसार तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते. बाबांना हे कळले होते, तेव्हा त्यांनी दोनच शब्दांत नको म्हटले होते. म्हणून साध्या नोंदणीचेच दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत राहायचे, असे आम्ही ठरवले आहे. ब्रेकचे काम म्हापशाला दिले आहे आणि ते कोणाच्या गॅरेजात, हे वर वाचून कळलेच असेल.

चवथीच्या आधीच्या शुक्रवारी बाबा म्हापशाच्या बाजाराला निघण्यापूर्वी वाड्यात हाक देत असत. परतताना डिकीत सुपारीचे शिपटे, कवंडळे आणि आंबाडे असत, आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, उरलेले सामान मागे बसलेल्यांच्या मांडीवर. यंदाही त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता गाडी निघेल. पुढे आई बसेल. मागे तीन जागा आहेत. ज्यांना यायचे असेल, त्यांनी आदल्या दिवशी कळवावे.