डोक्यातला पसारा कसा आवरायचा?

प्रश्न (पहाटवारा):
वय ४७. तसं बघायला गेलं तर काही बिघडलेलं नाहीये, नोकरी आहे, मुलगी मोठी झालीये, आईबाबांची तब्येत वरखाली असते पण निभावतंय. तरी रोज पहाटे ३ ला टक्क जाग येते आणि डोक्यात रांग लागते, इन्शुरन्सचा फॉर्म राहिला, भावाला फोन करायचाय, परवा मीटिंगमध्ये उगाच तसं बोललो, बाबांचे रिपोर्ट... ध्यानाचं अ‍ॅप घेतलं तर चौथ्या दिवशी तेच 'आज बसला नाहीत' म्हणून टोकायला लागलं, म्हणजे यादीत अजून एक भर! तुम्ही लोकांनी काय केलं?

रातकिडा:
सेम टू सेम. मला झोपताना कागदावर लिहून काढायचा उपयोग झाला. यावर अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा प्रयोग आहे, २०१८ सालचा, ५७ जणांवरचा. झोपायच्या आधी ५ मिनिटं राहिलेली कामं लिहिणारे लोक झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण ९ मिनिटं लवकर झोपले. मला आधी उलटंच वाटायचं, की राहिलेलं लिहिलं तर टेन्शन वाढेल. फक्त 'बाबांचं बघायचंय' असं मोघम नको, 'गुरुवारी लॅबला फोन' असं लिहा.

निवांत५१:
लिहा जरूर, पण आधी रक्त तपासून घ्या. मी वर्षभर स्वतःलाच चिडकी, विसराळू म्हणत बसले होते आणि निघालं काय तर पाळी जायच्या आधीचे बदल, त्यात झोप उडतेच. तुमचं तसं नसलं तरी थायरॉईड, बी१२ बघाच. सगळंच मनाचं नसतं हो.

जुनीतार:
वरच्या दोघांना +१. पण माझा पसारा कामांचा नव्हताच, न घेतलेल्या निर्णयांचा होता. १५ वर्षं कपाटावर गिटार पडून होती, एक तार तुटलेली, 'शिकायचीये एकदा'. चादर काढायला हात वर केला की तिच्याकडे बघायचं टाळायचो. गेल्या वर्षी भाच्याला देऊन टाकली. दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग असंच एक अर्धवट कोर्स सोडला, दोन ग्रुप सोडले, एका मित्राला सरळ सांगितलं की पार्टनरशिप जमणार नाही. तो महिनाभर बोलला नाही, आता बोलतो.

पहाटवारा:
काल लिहायला बसलो. २३ गोष्टी निघाल्या आणि त्यातल्या ११ मला करायच्याच नव्हत्या, 'नाही' म्हणायचं तेवढं राहिलं होतं. भावाला फोन लावला, ५० मिनिटं बोललो, निम्मा वेळ लहानपणीच्या भांडणांवर. तपासणीला शनिवारी जातोय. आज पण ३ ला जाग आली म्हणा, पण कागद उशाशी होता, कूस बदलली आणि एकदम गजरच ऐकू आला.