मैत्रिणीबरोबर भूमध्य समुद्रात क्रूझ : तुमचा अनुभव लिहा

कॉलेजची मैत्रीण लग्नानंतर लंडनला गेली ती गेलीच. आता म्हणते, बार्सिलोनाहून जहाजात बसू, आठवडाभर एकत्र राहू. घरचे म्हणतात, एवढ्या पैशात ती दोनदा साताऱ्याला येऊन जाईल. मित्र-मैत्रिणीबरोबर जाऊन आलेल्यांनी लिहा. खरं काय ते सांगा, फोटो सगळीकडे आहेतच.

विश्रामबाग, सांगली
जा गं. विलिंग्डन कॉलेजातली माझी मैत्रीण जर्मनीत असते, आम्ही दोघीच गेलो. मार्सेय, जिनोआ, रोम, पालेर्मो, व्हॅलेटा. रोम म्हणायचं आपलं, जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. कलोसियम बघितलं, पण सगळं लक्ष घड्याळात. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या सहलीची बस रखडली तर जहाज थांबतं, आपण रखडलो तर आपलं आपण बघायचं.
पालेर्मोला आम्ही उतरलोच नाही. जवळजवळ सगळं जहाज गावात गेलेलं, वरच्या डेकवर आम्ही दोघी आणि भडंगाची पिशवी. ती त्यातला तळलेला लसूण तेवढा वेचून खात होती, हॉस्टेलवर खायची तसाच. खाता खाता तिनं नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं. फोनवर इतकी वर्षं "बरं चाललंय गं" एवढंच ऐकत होते मी. पालेर्मो राहिलं त्याचं मला काही वाटत नाही.

पोवई नाका, सातारा
कंदी पेढे नेऊ नका. बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात मनाई आहे. व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, आणि तीस हजार युरोंचा आरोग्य विमा लागतोच. मार्गात तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असेल तर मल्टिपल एंट्रीच (बाहेर पडून पुन्हा आत येता येईल असा) मागा, ते देश शेंगेनमध्ये नाहीत. जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाच्या नेटवर्कचं बिल साध्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाही.

मिरज
मी जरा उलट सांगतो. मित्र जिवाभावाचा, पण घोरणं थेट गिरणीचं. त्यात केबिन आतली, खिडकी नाही, बाहेर उजाडलं की नाही तेही कळेना. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, केबिन बाल्कनीची घ्या.

कराड
ग्रीसकडचा मार्ग असेल तर गुडघ्यांचा विचार करा. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. वर गावात जायला केबल कार, गाढवं नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. अजिंक्यतारा चढणाऱ्यांना काय त्याचं! आमचा मित्र मात्र खाली कॉफी पीत बसला. मग मीही बसलो.

गावभाग, सांगली
पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बऱ्याच जहाजांवर टिप माणशी रोजच्या हिशेबानं खात्यावर आपोआप चढते. सगळी खरेदी केबिनच्या कार्डावर असते, त्यामुळे शेवटच्या रात्री "ही कॉफी कुणाची" असं होतं. दोघींची कार्डं पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या खात्यांना जोडून घ्या.