मदत हवी आहे : नाल्यातलं प्लास्टिक गोदावरीत जाण्याआधी अडवायचंय, जाळी कोणती घेऊ?

वैतागलेला_पंचवटीकर
पाऊस तोंडावर आलाय. मागच्या नाल्यात आत्ताच पिशव्या नि थर्माकोलचा थर साचलाय. पहिल्या सरीला हे सगळं गोदावरीत आणि पुढे समुद्रात. आडवी जाळी बांधायची आहे. नायलॉनची की लोखंडी? नाशिकमध्ये कुठे मिळेल? कृपया लवकर सांगा. जनजागृतीवर लेक्चर नको.

गोदाकाठ
नाला कोणता? रुंदी किती? बारमाही वाहतो की फक्त पावसाळ्यात? अडकलेला कचरा कोण काढणार?

भिंगरी
नाशिकचा कचरा समुद्रात?? अहो, गोदावरी १४६५ किमी आहे. वाटेत नांदूरमध्यमेश्वर, मग पैठणला जायकवाडी धरण. तिथेच अडकणार सगळं. २०२१ सालच्या अभ्यासात नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजारावर नद्या मिळून नेतात असं निघालं, आणि त्यात जास्त वाटा किनाऱ्याजवळच्या शहरांतून जाणाऱ्या लहान नद्यांचा होता. समुद्राची काळजी मुंबईकरांना करू द्या.

गोदाकाठ
@भिंगरी, अडकतं म्हणजे संपतं का? उन्हात तडकून त्याचा भुगा होतो आणि तो दरवाज्यातून आरामात खाली जातो. शिवाय नांदूरमध्यमेश्वर रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथल्या पक्ष्यांनी काय घोडं मारलंय?

साडीवाली_काकू
मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवते. एका साडीत बऱ्याच होतात. कोणाला हव्या असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. काठाचे बंद छान होतात.

वैतागलेला_पंचवटीकर
काकू, धागा जाळीचा आहे.
नाला वाघाडीला मिळतो, ती पुढे गोदावरीला. रुंदी पंधरा फूट असेल. उन्हाळ्यात सांडपाण्याची धार असते, पावसात कमरेएवढं पाणी. साफ करायला सोसायटीतली पोरं आहेत. आता जाळी सांगा.

सिडकोवासी
जाळी अजिबात नको! आमच्याकडे मागच्या गल्लीतल्यांनी मासेमारीची जाळी तळापर्यंत बांधली होती. पिशव्या अशा चिकटल्या की तासाभरात बंधारा झाला आणि पाणी थेट पार्किंगमध्ये. रात्री दोनला कोयत्याने कापली.

गोदाकाठ
हेच सांगायचं होतं. वाघाडीला पूर कसा येतो ते पंचवटीकराला सांगायला नको. तळापर्यंत काही नको, तरंगता अडसर करा. बंद झाकणाची रिकामी पिंपं तारेत ओवायची, खाली जेमतेम फूटभर जाळी लोंबू द्यायची. प्रवाहाला काटकोनात नाही, तिरकी बांधा, म्हणजे कचरा आपोआप एका काठाला सरकतो आणि पोरांना पाण्यात उतरावं लागत नाही. काठावरून फावडं. दुसऱ्या टोकाला मुद्दाम कमकुवत दोरी, जास्त जोर आला की ती तुटली पाहिजे आणि अख्खी माळ काठाला लागली पाहिजे. आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी अर्ज द्या, नाहीतर पाणी तुंबल्यावर खापर तुमच्यावर.

भिंगरी
आणि काढलेला कचरा? ओला, चिखलाने माखलेला. घंटागाडीवाला घेईल?

गोदाकाठ
पसरून वाळवून दिला तर घेतात. बाटल्या भंगारवाला नेईल. कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं तो शिवतही नाही, ती वेगळी ठेवा.

निफाडचा_बागायतदार
शहरवाले नाल्याचं बोलता, आमच्याकडे टोमॅटोचा मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक) बघा. ठिबकच्या नळ्या भंगारात जातात, पण मातीने भरलेला पेपर कोणी घेत नाही. बांधावर ढीग पडतो, वाऱ्याने ओढ्यात. जाळी कुठे कुठे बांधणार?

दुधाळ
जाळीत मोठं अडकेल, बारीक नाही. आमच्या नाल्यात काठाला हात घातला की दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे ओंजळभर निघतात. पिशवी भंगारात जाते, कोपरा सिंकमधून गटारात. कात्रीने फक्त चीर द्या, तुकडा पाडू नका. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायचं ठरलं होतं. मला आजवर एकदाही मिळाले नाहीत, तुम्हाला?

भिंगरी
बंदी म्हणे! गुटखा २०१२ पासून बंद आहे, नाल्यात पुड्या कसल्या दिसतात मग?

सिडकोवासी
२०२७ चा कुंभ येऊ द्या, मग बघा घाट कसे चकाचक होतात. नंतर परत येरे माझ्या मागल्या.

वैतागलेला_पंचवटीकर
कुंभाचा वेगळा धागा काढा ना! @गोदाकाठ, तिरकी माळ पटली. पिंपं कुठे मिळतील? अंबड लिंक रोडचा भंगार बाजार तर उठवला.

निफाडचा_बागायतदार
माझ्याकडे पडलीत, येऊन घेऊन जा. फुकट.

गोदाकाठ
औषधांची आहेत का? मग नको. कीटकनाशकाचं पिंप कितीही धुतलं तरी नदीत सोडायचं नाही.

निफाडचा_बागायतदार
नाही हो, गुळाच्या पाकाची. बैलांना पाजायचो.

वैतागलेला_पंचवटीकर
रविवारी टेम्पो घेऊन येतो. तार किती जाड लागेल?