रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस: पाच रात्री, मुक्काम कुठे?

प्रश्न: सगळा प्रवास रेल्वेने. रोज हॉटेल बदलायचं नाही. रोमनंतर कुठे राहावं?

उत्तर १: रोमला दोन रात्री, पुढे फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या मधलं बोलोन्या शहर. तिथून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स सुमारे 40 मिनिटं, व्हेनिस दीड तास. मात्र बोलोन्यात 16 ते 19 क्रमांकाचे फलाट जमिनीखाली खोल आहेत. खाली उतरायला दहा मिनिटं हाताशी ठेवाच, गाडी इथेच चुकते.

उत्तर २: तरी एक रात्र व्हेनिसमध्येच काढा, संध्याकाळी गर्दी ओसरते. खोली सांता लुचिया स्टेशनजवळ बघा. पुलांच्या पायऱ्यांवरून बॅगा उचलून जीव जातो. व्हेनिसच्या बेटांसमोर मुख्य भूमीवर असलेलं मेस्त्रे स्वस्त आहे, तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटं.

उत्तर ३: वेगवान गाडीचं तिकीट आधीच काढा, नंतर महागतं. रिजनल, म्हणजे साध्या हळू गाडीचं भाडं ठरलेलं असतं, पण कागदी तिकिटावर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड.